मे महिन्याच्या उन्हात स्पोर्ट्स कारचं इंजिन थंड ठेवायचं तर

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि तापलेल्या डांबरालगतची जी हवा गाडीच्या नाकात शिरते ती त्याहूनही गरम असते. याचा इंजिनाला काय फटका बसतो ते आकड्यांत बघू. कूलंट, म्हणजे इंजिनात फिरून त्याची उष्णता उचलणारं द्रव, ९५ अंशांवर आहे असं धरा. पुण्यातल्या जानेवारीच्या दुपारी बाहेर २५ अंश असतील तर कूलंट आणि हवा यांत ७० अंशांचा फरक असतो. अकोल्यात ४५ अंशांत तो ५० वर येतो. हे कूलंट हवेनं गार करणारा रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे याच फरकावर ठरतं. म्हणजे गाडी तीच, पंखा तोच, वेगही तोच, तरी रेडिएटरची जवळपास २९ टक्के ताकद नुसत्या हवामानानं खाल्ली.

साध्या हॅचबॅकमध्ये ही तूट सहसा कळत नाही, कारण तिथे हाताशी भरपूर राखीव ताकद असते. स्पोर्ट्स कारमध्ये ती कमी असते. नाक बुटकं, जाळीचं तोंड लहान, बॉनेटखाली इंच न इंच भरलेला, वर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र). पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि उरलेली कूलंट, ऑइल आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावी लागते. ताकद दुप्पट वापरली की ही बाहेर काढायची उष्णताही त्याच मानानं वाढते.

अशा वेळी बहुतेक मालक पहिल्यांदा मोठा रेडिएटर शोधायला लागतात. माझं ठाम मत आहे की तो शेवटचा उपाय आहे. कंपनीनं दिलेली यंत्रणा पूर्ण तब्येतीत असेल आणि नाकातून शिरलेली सगळी हवा खरोखर रेडिएटरच्या आरपार जात असेल, तर रस्त्यावरच्या वापरासाठी ती आपल्या उन्हाळ्यातही पुरते. या लेखात उदाहरण म्हणून मुख्यतः स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे. २.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ही गाडी आपल्याकडच्या बऱ्याच हौशी मंडळींकडे आहे. इंजिन मधे असलेल्या पोर्शे बॉक्सस्टरचाही उल्लेख अधूनमधून येईल, कारण तिची दुखणी वेगळी आहेत.

पहिली पायरी: काट्यावर विसंबू नका

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम शांत ठेवलेला असतो. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत कूलंट साधारण ७५ पासून १०५ पर्यंत कुठेही असलं तरी काटा ९० वर चिकटून बसतो. तो हलेपर्यंत तुमच्या हातातला वेळ संपत आलेला असतो.

म्हणून ओबीडी पोर्टमध्ये (गाडीचे आकडे वाचायचं सॉकेट) लावायचा एक ब्लूटूथ डोंगल घ्या आणि फोनवर दोन आकडे उघडे ठेवा: कूलंटचं तापमान आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान. गाडी ऑइलचं तापमान दाखवत असेल तर तेही. मग आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर नुसतं निरीक्षण करा. सिग्नलला किती, मोकळ्या हायवेला किती, चढाला किती, हे लिहून ठेवा. तुमच्या गाडीचं ‘नॉर्मल’ काय ते एकदा कळलं की त्यातला पाच अंशांचा बदलसुद्धा लगेच डोळ्यांत भरतो.

या नोंदींतून निदानही होतं. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते पण ८० च्या वेगाला सावरते, तर दोष बहुधा पंख्यात किंवा हवेच्या वाटेत आहे, कारण हळू चालताना हवा ओढायला पंख्याशिवाय कुणी नसतं. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेला किंवा घाटात तापते, तर दोष बहुधा कूलंटच्या बाजूला आहे: रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्या असतील, पंप थकला असेल, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धाच उघडत असेल किंवा हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्या मधलं सील) सुटायला लागलं असेल. एवढी फोड करून गॅरेजला गेलात तर मेकॅनिकचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

दुसरी पायरी: हवेची वाट मोकळी करा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे आणि खर्च जवळपास शून्य.

ऑक्टाव्हियाच्या नाकात एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा), इंटरकूलर (टर्बोनं दाबलेली हवा गार करणारा) आणि मुख्य रेडिएटर असे थर एकामागे एक उभे आहेत. बाहेरून जाळीतून बघितलं तर फक्त पहिला थर दिसतो आणि तो स्वच्छ असला की आपण निर्धास्त होतो. कचरा मात्र थरांच्या मधल्या फटीत साठतो. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटली की तिचा कापूस रस्त्याभर उडत असतो. तो जाळीतून अलगद आत जातो, कंडेन्सरच्या पत्र्यांना धरतो, त्यावर धूळ आणि किडे बसतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत राखाडी रंगाचा एक जाड थर तयार होतो. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागून चाललात तर पाचटाचे बारीक तुकडे हेच काम करतात.

बॉक्सस्टरमध्ये हा त्रास सगळ्यात जास्त. इंजिन सीटांच्या मागे असलं तरी रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, चाकांच्या पुढे आहेत, आणि काही मॉडेलांत मधे तिसराही आहे. कोपऱ्यांतली तोंडं रस्त्याच्या अगदी जवळ असल्यानं वाळलेली पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, सिगारेटची पाकिटं सगळं आत ओढलं जातं आणि कंडेन्सर व रेडिएटरच्या मधे कुजत राहतं. तो ओला चिखल ॲल्युमिनियम खातो आणि मग गळती लागते. जुनी बॉक्सस्टर घेतली असेल तर पुढचा बंपर उतरवून ही जागा साफ केल्याशिवाय उन्हाळ्यात बाहेर काढू नका.

साफ करताना काय करायचं ते सांगतो. गाडी पूर्ण थंड हवी. आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमनं सुका कचरा काढा. मग साध्या बागेच्या पाइपनं, शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला पाणी सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं परत जातो. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर गन जवळून अजिबात मारू देऊ नका. पातळ पत्रे एका फटक्यात आडवे होतात आणि मग तेवढ्या भागातून हवा जाणं कायमचं बंद. वाकलेले पत्रे फिन कोंबनं किंवा पातळ चिमट्यानं एकेक करून सरळ करता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण करण्यासारखं आहे.

आता फटींकडे या. हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून जाण्यापेक्षा त्याच्या बाजूच्या दोन बोटांच्या फटीतून जाणं तिला सोपं पडतं. कंपनीनं या फटी बुजवायला फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकची पाती दिलेली असतात. बंपर एकदा ठोकून दुरुस्त झाला की हेच तुकडे परत लागत नाहीत, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासायला एक उदबत्ती पुरते. आधी पेट्रोलचा वास वगैरे कुठे नाही ना याची खात्री करा. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, इंजिन चालू, एसी चालू म्हणजे पंखाही फिरेल. उदबत्ती जाळीच्या पुढे धरून हळूहळू रेडिएटरच्या कडेनं चारही बाजूंनी फिरवा. जिथे धूर सरळ पत्र्यांत ओढला जातो तिथे सगळं ठीक. जिथे तो कडेच्या फटीत शिरतो तिथून हवा वाया जाते आहे. आणि खालच्या कडेला धूर उलटा, इंजिनाकडून पुढे येताना दिसला तर रेडिएटरमधून निघालेली गरम हवाच फिरून पुन्हा रेडिएटरमध्ये जाते आहे. ट्रॅफिकमध्ये तापण्याचं हे फार नेहमीचं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. उष्णता सोसणारा, पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम आणून त्या सगळ्या फटी बुजवा.

जाळीच्या पुढे काय काय लावलंय तेही बघा. मोठी नंबर प्लेट तोंडाच्या बरोबर मधे, त्याच्या शेजारी जादा फॉग लॅम्प, मागून बारीक जाळी, हे सगळं मिळून हवेचं निम्मं तोंड अडवतं. नंबर प्लेट कायद्यानं लागतेच, पण ती हवा जाते त्या भागावरून खाली किंवा बंपरच्या बंद भागावर नेता येते का ते पाहा.

आत गेलेल्या हवेला बाहेरही पडायला हवं. गाडी वेगात असताना तिच्या पोटाखाली दाब कमी असतो आणि तो इंजिनाजवळची गरम हवा खाली ओढून घेतो. कंपनीचा प्लास्टिकचा अंडरट्रे हे गणित धरूनच बनवलेला असतो. स्पीडब्रेकरच्या भीतीनं लोक तो काढून जाड लोखंडी इंजिन गार्ड बसवतात, ज्याला धड भोकंही नसतात. उष्णता वर कोंडते. गार्ड हवाच असेल तर कंपनीच्या ट्रेला जिथे खिडक्या आहेत तिथेच, त्याच मापाच्या खिडक्या असलेला घ्या. आणि ट्रे तुटलाय म्हणून नुसता काढूनही टाकू नका. तो नसेल तर पुढून आलेली हवा रेडिएटर टाळून खालूनच इंजिनाकडे घुसते आणि रेडिएटरच्या मागचा दाब वाढतो.

बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते वर उचलायची एक टूम आहे. गाडी उभी असताना त्यातून उष्णता निघते हे खरं, पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत जाते. बॉनेटला झरोके पाडायचेच असतील तर ते पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडं मागे हवेत. तिथे दाब कमी असतो.

तिसरी पायरी: कूलंट आणि दाब

कूलंटची टाकी बंद का असते हे समजून घेतलं तर बऱ्याच चुका टळतात. कुकरच्या शिट्टीचं जे काम, तेच टाकीच्या झाकणाचं. उघडं पाणी १०० अंशांला उकळतं. त्यावर १ बार (साधारण वातावरणाच्या दाबाइतका) जादा दाब दिला की तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असेल तर ही मर्यादा १२५ च्याही पुढे जाते. झाकणातली स्प्रिंग किंवा रबर थकलं की हा सगळा जादा पल्ला जातो. मग डोंगलवर १०८ दिसत असतानाच सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे फुगे धरायला लागतात. वाफ धातूतली उष्णता नीट उचलत नाही, त्यामुळे तो भाग आणखी तापतो. उंचीचाही थोडा हिशेब आहे. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

झाकण हा काहीशे रुपयांचा भाग आहे. गाडी सहा-सात वर्षांची झाली असेल तर न तपासता नवं, कंपनीचं बसवा. नंतर गॅरेजमध्ये हातपंपानं प्रेशर टेस्ट करून घ्या: थंड इंजिनावर झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा खाली येतोय का ते बघायचं. दाब उतरला पण कुठे थेंब दिसला नाही, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि कूलंटच्या टाकीत जळलेला वायू येतोय का याची निळ्या द्रावणाची चाचणी करा. वायू असेल तर निळं द्रावण पिवळं पडतं.

कूलंटमध्ये मिसळायचं पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच असलं पाहिजे. यात तडजोड नाही. मराठवाडा-विदर्भात बोअरचं पाणी किती जड असतं हे गिझरच्या कॉइलवर बसलेल्या पांढऱ्या क्षारांवरून सगळ्यांना ठाऊक आहे. तेच क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतात. रस्त्यात नाइलाजानं साधं पाणी घालावं लागलं तर घाला, पण परत आल्यावर सगळी यंत्रणा धुऊन नवं कूलंट भरा.

प्रमाणाबद्दल गोंधळ फार आहे. ग्लायकॉल जास्त म्हणजे गाडी जास्त थंड, असं नाही. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, गोठू देत नाही, आणि त्याच्याबरोबरची रसायनं गंज रोखतात. निम्मं-निम्मं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा दर लिटरमागे कमी उष्णता उचलतं. आपल्या हवामानात ४० टक्के कॉन्सन्ट्रेट आणि ६० टक्के पाणी मला योग्य वाटतं, पण लेह-लडाख करणार असाल तर ५० टक्के ठेवा. ४० च्या खाली जाऊ नका, गंजापासूनचं संरक्षण उणं पडतं. डबा घेताना तो कॉन्सन्ट्रेट आहे की तयार मिश्रण हे वाचा. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घालणारे गॅरेजवाले आहेत. रंगावरूनही कूलंट ठरवू नका, रंग म्हणजे प्रत नव्हे. गाडीच्या पुस्तकात जे स्पेसिफिकेशन दिलंय तेच डब्यावर छापलेलं हवं. न जुळणारी दोन कूलंट एकत्र आली की आत चिकट गाळ होऊ शकतो.

भरताना आत हवा अडकणार नाही हे बघणं तितकंच महत्त्वाचं. बॉक्सस्टरमध्ये तर कूलंट पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत लांबच लांब पाइपांतून फिरतं, ते साध्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, आणि हवेचा एक बुडबुडाही हेडमध्ये जाऊन बसू शकतो. तिथे व्हॅक्यूम लावून भरणं हीच खरी पद्धत. ऑक्टाव्हियातही व्हॅक्यूमनं भरून घेतलेलं उत्तम. त्यानंतर दोन-तीन दिवस रोज सकाळी, थंड इंजिनावर, टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे आहे ना ते बघा. नंतर महिन्यातून एकदा. बंद यंत्रणेत कूलंट ‘संपत’ नाही. पातळी उतरत असेल तर ते कुठेतरी जातंय.

थर्मोस्टॅट, पंप, पंखा

‘उन्हाळा आहे, व्हॉल्व्ह (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाकू’ हा सल्ला अजूनही मिळतो. ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती, तो उघडला की, रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ही वाट कायम उघडी राहते आणि कूलंटचा काही भाग न गार होताच इंजिनात परत जातो. म्हणजे ऐन चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते, आणि सकाळी मात्र गरम व्हायला वेळ घेते. शंका असेल तर नवा बसवा. ऑक्टाव्हियाच्या या इंजिनात थर्मोस्टॅट आणि पंप प्लास्टिकच्या एकाच घरात आहेत आणि वय झालेल्या गाड्यांत तिथून गळती लागू शकते. वाळलेल्या कूलंटची गुलाबी-जांभळी पावडर दिसली तर वाट बघू नका.

पंखा तपासणं सोपं आहे. एसी लावल्यावर थोड्याच वेळात तो फिरायला हवा, आणि कूलंट तापेल तसा त्याचा वेग वाढायला हवा. एकाच वेगावर अडकलेला पंखा म्हणजे रेझिस्टर किंवा कंट्रोलर गेला. पंख्याभोवतीची प्लास्टिकची चौकट फुटली असेल तर तो पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढू शकत नाही.

रेडिएटर आतून तुंबलाय का हे बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं वाचन देतो, म्हणून काळी इलेक्ट्रिक टेप ठिकठिकाणी चिकटवून त्यावर मोजा. सभोवती गरम आणि मधेच एक थंड पट्टा दिसला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

ऑइल विसरू नका

कूलंटपेक्षा ऑइल उशिरा तापतं आणि उशिरा गार होतं. थंड गाडीत कूलंट पाच-सात मिनिटांत ९० ला पोचलं तरी ऑइलला तिथे जायला त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं पाय हलका ठेवायचा, उन्हाळ्यातसुद्धा. जोरात चालवताना ऑइल १०० ते १२० असणं ठीक आहे. १३० ओलांडलं की मी पाय उचलतो.

बहुतेक टर्बो गाड्यांत ऑइल कूलर कूलंटवर चालतो, म्हणजे ऑइलची उष्णताही शेवटी त्याच रेडिएटरवर येऊन पडते. ऑक्टाव्हियात डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं ऑइलही याच पाण्यावर गार होतं. तेव्हा ट्रॅफिकमध्ये इंच इंच रांगत राहू नका. पुढे जागा होऊ द्या, मग एकदम सरका, आणि पुन्हा ब्रेक पूर्ण दाबून थांबा, म्हणजे क्लच घसरत राहणार नाहीत.

पुस्तकात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० (ऑइलच्या जाडीच्या प्रती) दोन्ही चालत असतील आणि तुम्ही घाटात किंवा ट्रॅकवर जोरात चालवत असाल, तर उन्हाळ्यात ४० घ्या. १०० अंशांना ते जाड राहतं आणि बेअरिंगवरची फिल्म टिकवतं. मात्र कंपनीचं स्पेसिफिकेशन डब्यावर असलंच पाहिजे. आणि पातळी मॅक्सजवळ ठेवा, वर नाही.

टर्बो, इंटरकूलर आणि पेट्रोल

इंजिनात शिरणारी हवा गरम असली की सिलिंडरमध्ये नॉक व्हायची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकायची, शक्यता वाढते. नॉक सेन्सरनं ते ऐकलं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो. ताकद उतरते, आणि जाळ उशिरा झाल्यामुळे जास्त उष्णता एक्झॉस्टमध्ये, म्हणजे टर्बोकडे जाते. ऑक्टाव्हियात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा भाग सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि तो कूलंटनं गार होतो, तेव्हा हीच उष्णता पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल उन्हाळ्यात चैनीचं नाही. इंधनाच्या झाकणावर जो आकडा लिहिलाय त्याच्या खाली तर जाऊच नका.

रीमॅप केलेली (जादा ताकदीसाठी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी असेल तर ट्यूनरला सरळ विचारा की त्यानं भर दुपारी, हवा ६० अंशांना आत जात असताना लॉग (आकड्यांची नोंद) घेतलाय का. थंड हवामानासाठी लिहिलेली फाइल आपल्याकडे तशीच चालत नाही.

गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केली की आत जाणाऱ्या हवेचा आकडा खूप वर दिसेल. उभ्या गाडीत सगळी उष्णता वर साचलेली असते. दोन-तीन किलोमीटर शांत चालवलं की तो उतरतो. तोवर ॲक्सिलरेटर तळाला नेऊ नका.

घाट आणि ट्रॅक

खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी थोड्या किलोमीटरांत साडेपाचशे मीटरच्या वर उंची घेते. वेग कमी, भार पूर्ण, पुढे कंटेनरची रांग: इंजिन थंड ठेवायला याहून कठीण जागा नाही. ट्रकच्या मागे चिकटून चाललात तर नाकाला ताजी हवा मिळत नाही, मिळते ती त्याच्या इंजिनाची. अंतर सोडा. डीएसजी ‘डी’ मध्ये असेल तर वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर घुसमटत, पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) चढत राहते. मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर उतरवा आणि २,५०० ते ३,००० च्या दरम्यान ठेवा. पंप इंजिनाबरोबर फिरतो, त्यामुळे कूलंट जोरात फिरतं. कूलंटचा आकडा १०५ च्या पुढे सरकायला लागला तर एसी बंद करा. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असल्यानं एसीची सगळी उष्णता रेडिएटरच्या तोंडावर येत असते.

कोईम्बतूरचा करी ट्रॅक असो, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा असो की ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, नियम सारखाच. सकाळचं पहिलं सत्र मागा. एक लॅप गरम व्हायला, तीन-चार जोरात, आणि एक पूर्ण लॅप वरच्या गिअरमध्ये, ब्रेक शक्यतो न वापरता. कूलंट ११० किंवा ऑइल १३० दिसलं की लॅप तिथेच सोडा, टायमिंग कितीही चांगलं चाललं असेल तरी. पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) ठेवा म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होणार नाही. मग बंद करून बॉनेट उघडा. बंद केल्यावरही पंखा आणि छोटा विजेचा पंप काही वेळ चालू राहिला तर घाबरू नका, ते त्यासाठीच आहेत.

आकडा चढतच राहिला तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो घाटमाथ्यापर्यंत पोचवू शकतो. पाय हलका करा आणि सुरक्षित जागा बघा, शक्यतो सावली.

लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा गोडसर वास आला तर एक मिनिटही पुढे जाऊ नका, इंजिन बंद करा. दिवा लागलेला नसेल, गळती नसेल आणि थांबल्यावर आकडा उतरत असेल, तर इंजिन आयडलला चालू ठेवणं जास्त चांगलं, कारण पंप आणि पंखा काम करत राहतात. एका फसवणुकीपासून सावध राहा: कूलंट वाहून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा अचानक खाली येतो. गाडी तापत असताना आकडा अचानक पडला तर तो चांगला शकुन नाही, ताबडतोब बंद करा.

टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. फडकं टाकूनही नाही. दाब सुटला की शंभरच्या वर तापलेलं कूलंट क्षणात उकळून तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा, वरचा होजपाइप हाताला मऊ आणि कोमट लागला की मगच, झाकण थोडं थोडं फिरवत. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं आणि मग काहीशे रुपयांचं काम लाखांत जातं. पातळी खूप उतरली असेल तर गाडी टोइंगनं न्या.

खरेदी करायचीच असेल तर

वरचं सगळं करून, लिहून ठेवलेले आकडे पुन्हा बघून, तरीही ट्रॅकवर तापत असेल तर खर्चाला हात घाला. क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्याच मापाचा नवा रेडिएटर आणि नवे होजपाइप, कारण दहा वर्षांच्या रेडिएटरशी तुलना केली तर नवाकोरा साधा रेडिएटरही मोठी सुधारणा असतो. मग हवेवर चालणारा वेगळा ऑइल कूलर, थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसकट, नाहीतर हिवाळ्यात ऑइल तापणारच नाही. तो रेडिएटरच्या पुढे न लावता बंपरच्या कोपऱ्यात, स्वतःच्या डक्टनं लावा. टर्बो आणि डाउनपाइपला (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपला) उष्णतारोधक आवरण घाला.

मोठा इंटरकूलर घेताना जपून. तो रेडिएटरच्या पुढच्या थरांत बसतो. फार जाड आणि दाट घेतला तर आत जाणारी हवा गार होते पण पाण्याचं तापमान चढतं. जाड रेडिएटरचंही तेच: मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापवलेलीच हवा मिळते, म्हणून दुप्पट जाडीला दुप्पट फायदा कधीच होत नाही. जाडीपेक्षा क्षेत्रफळ वाढवता येत असेल तर ते वाढवा, आणि नवा भाग बसला की उदबत्ती घेऊन कडा पुन्हा तपासा.